अडीच एकर माळाचा धनी

दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, ऑरांज या जुन्या रोमन शहरापासून थोड्याच अंतरावर सेरिन्याँ नावाचे एक खेडे आहे. १८७९ साली या खेड्याच्या वेशीवर पंचावन्न वर्षांच्या एका माजी शिक्षकाने सुमारे अडीच एकर पडीक जमीन आणि तिच्यावरचे जुने घर विकत घेतले. कधीकाळी तेथे द्राक्षांचा मळा होता. आता दगडगोटे, हरळीसारखे चिवट गवत आणि काटेरी झुडपे यांखेरीज तेथे काही उगवत नव्हते. प्रोव्हान्सच्या बोलीत अशा नांगराला नकोशा झालेल्या माळाला ‘आर्मास’ म्हणतात. व्यवहार पाहणाऱ्या कोणाही शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सौदा आतबट्ट्याचा होता. मात्र खरेदी करणाऱ्याने असा तुकडा मिळावा म्हणून जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहिली होती. काटेरी झुडपे आली की त्यांच्यावर मधमाश्या येतात, दगडांच्या सांदीत गांधीलमाश्या घरटी करतात, हे त्याला ठाऊक होते. या माणसाचे नाव झाँ आँरी फाब्र. कीटकांच्या जीवनाचा अभ्यास प्रत्यक्ष निसर्गात करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचे स्थान फार वरचे आहे.

नोकरी वेळेआधी सोडावी, गाठीला थोडा पैसा असावा, शहरापासून दूर एखादे घर घ्यावे आणि आयुष्यभर मनात राहिलेले काम करावे, हे स्वप्न आजच्या शहरी नोकरदारालाही परके नाही. फाब्र यांनी ते प्रत्यक्षात आणले आणि पुढची छत्तीस वर्षे त्या माळावर काढली. त्यांच्या आयुष्यात या स्वप्नाच्या जमेच्या आणि खर्चाच्या, दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये आव्हेराँ प्रांतातील सें-लेआँ या डोंगराळ गावी झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. बालपणाची काही वर्षे ते आजोळी नव्हे तर वडिलांच्या आईवडिलांकडे, मालाव्हाल येथील एकाकी शेतावर राहिले. वडिलांनी शेती सोडून शहरात कॅफे काढून पाहिला. एका गावात तो चालेना म्हणून दुसऱ्या गावी, तेथून तिसऱ्या. अखेर कुटुंब विस्कटले आणि कोवळ्या वयातच मुलाला पोटापाण्याला लागावे लागले. बोकेरच्या जत्रेत त्याने लिंबे विकली, रेल्वेमार्गाच्या बांधकामावर मजुरी केली. एकदा खिशातले शेवटचे पैसे एका कवितासंग्रहावर खर्च करून रात्रीचे जेवण कुंपणावरच्या द्राक्षांवर भागवल्याची आठवण त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. पोटाला चिमटा घ्यायचा, परंतु पुस्तकासाठी हात आखडता घ्यायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता तेव्हाच पडलेला दिसतो.

आव्हिन्याँच्या अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली आणि एकोणिसाव्या वर्षी ते कार्पांत्रा येथे शिक्षक झाले. पगार वर्षाला ७०० फ्रँक. १८४४ मध्ये विवाह झाला; पहिली दोन अपत्ये लहानपणीच दगावली. मुलांना जमीनमोजणी शिकवण्यासाठी ते उघड्या माळावर नेत. मोजणी सोडून मुले दगडांवरची मातीची घरटी फोडून काडीने मध चोखतात, हे त्यांच्या लक्षात आले. ती घरटी एका रानमाशीची होती. तिच्याविषयी अधिक जाणून घ्यावे म्हणून त्यांनी कीटकांवरचा एक सचित्र ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत जवळजवळ एका महिन्याच्या पगाराएवढी होती. संसारी शिक्षकाने अशी खरेदी करणे हा अविचारच म्हणायचा. पण त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची सुरुवात याच अविचारातून झाली.

कोणत्याही विद्यापीठात नियमित विद्यार्थी म्हणून न जाता, शिकवण्याचे काम सांभाळून, फाब्र यांनी गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांच्या पदव्या मिळवल्या. १८४९ ते १८५३ अशी चार वर्षे ते कॉर्सिका बेटावर आजाक्सियो येथे भौतिकशास्त्र शिकवत होते. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ मोकें-तांदाँ यांचा सहवास त्यांना लाभला आणि जीवसृष्टी हेच आपले क्षेत्र असल्याची खूणगाठ पटली. १८५३ मध्ये ते आव्हिन्याँच्या शाळेत आले आणि १८५५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी एका शिकारी गांधीलमाशीवरचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ही माशी आपल्या पिलांसाठी जे भुंगेरे साठवते ते मेलेले नसून लुळे पडलेले असतात आणि म्हणूनच ते सडत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. पॅरिसच्या विद्वत्सभेने या कामासाठी पारितोषिक दिले. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या युगप्रवर्तक ग्रंथात डार्विन यांनीही फाब्र यांच्या निरीक्षणांचा दाखला घेतला.

कीर्ती अशी पसरत असताना पगार मात्र होता तेथेच होता. आव्हिन्याँत वर्षाला १,६०० फ्रँकवर त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काढली. घर भागवण्यासाठी शाळा सुटल्यावर शिकवण्या घेणे भाग पडे. कीटकांसाठी उरत ते रविवार आणि सुटीचे दिवस. १८६५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा तपास करायला आलेले लुई पाश्चर त्यांच्या घरी आले. वाइन टिकवण्याच्या प्रयोगांत गुंतलेल्या पाश्चर यांनी यजमानांचे तळघर पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा फाब्र यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका बुधल्याकडे बोट दाखवावे लागले. त्यांच्या मालकीचे तळघर एवढेच होते.

विद्यापीठात अध्यापक व्हावे, म्हणजे संशोधनाला वेळ मिळेल, असे फाब्र यांना वाटे. एका शिक्षण निरीक्षकाने आपुलकीने त्यांना वस्तुस्थिती सांगितली. त्या काळी प्राध्यापकाच्या पदाला शोभेल असे राहायचे तर पगार पुरत नसे, घरची मालमत्ता लागे. आणि फाब्र यांच्याकडे ती नव्हती. हा सल्ला त्यांनी निमूटपणे मानला आणि पैसा मिळवण्याची स्वतःची वाट शोधली. आव्हिन्याँच्या परिसरात तेव्हा मंजिष्ठेच्या कुळातील एका वनस्पतीची मोठी लागवड होत असे. तिच्या मुळांपासून लाल रंग मिळे. या मुळांतून शुद्ध रंगद्रव्य वेगळे काढण्याच्या पद्धतीवर त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली आणि पद्धत साधलीही. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई त्यांच्या प्रयोगशाळेत आले तेव्हा फाब्र यांचे हात रंगाने लाल झालेले होते. कारखान्यातून उत्पन्न सुरू होईल, नोकरीतून सुटका होईल, अशी चिन्हे दिसू लागली. तेवढ्यात १८६८ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हेच रंगद्रव्य डांबरापासून कृत्रिमरीत्या तयार केले. थोड्याच वर्षांत मंजिष्ठेची शेते ओस पडली आणि फाब्र यांचे स्वातंत्र्याचे स्वप्नही त्यांच्याबरोबर बुडाले.

द्युरुई यांच्या पुढाकाराने १८६८ मध्ये फाब्र यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनची भेटही घडली. परंतु याच मंत्र्यांच्या धोरणानुसार आव्हिन्याँत त्यांनी प्रौढांसाठी सुरू केलेले विज्ञानाचे वर्ग त्यांच्या मुळावर आले. या वर्गांना मुलीही बसत आणि फुलांचे परागीभवन कसे होते हे फाब्र सर्वांसमक्ष समजावून सांगत. सनातनी मंडळींना ते खपले नाही. द्युरुई सत्तेवरून गेले होते. पाठीराखा उरला नव्हता. फाब्र ज्यांच्या घरात भाड्याने राहत त्या दोन वृद्ध, धर्मपरायण घरमालकिणींनी त्यांना जागा सोडायला सांगितले. लेखी करार केलेला नसल्याने दाद मागण्याचीही सोय नव्हती. बायको आणि पाच मुले असलेला, सत्तेचाळिशीला टेकलेला हा माणूस बेघर झाला. त्यात १८७० चे युद्ध पेटले, पॅरिसला वेढा पडला आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाकडून येणारे पैसेही अडकले.

या घटकेला मदतीला आले इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. मिल यांच्या पत्नीचे १८५८ मध्ये आव्हिन्याँत निधन झाले होते आणि तिच्या कबरीजवळ राहता यावे म्हणून त्यांनी तेथे घर घेतले होते. वनस्पतींच्या ओढीने दोघे एकत्र रानोमाळ भटकत. फाब्र यांचे पत्र मिळताच मिल यांनी ३,००० फ्रँक पाठवले. लिखापढी केली नाही, हमी मागितली नाही. फाब्र यांनी पुढे पुस्तकांच्या उत्पन्नातून हे कर्ज फेडले. शाळेची नोकरी मात्र त्यांनी पुन्हा धरली नाही. कुटुंबासह ते ऑरांजला आले आणि पुढचा संसार लेखणीवर चालवायचा, असे ठरले.

ऑरांज येथील आठ-नऊ वर्षे हा फाब्र यांच्या आयुष्यातील पैसा साठवण्याचा काळ होय. अंकगणित, खगोलशास्त्र, रसायनशास्त्र, शेती, घरगुती विज्ञान अशा नाना विषयांवर त्यांनी शाळकरी मुलांसाठी डझनावारी पुस्तके लिहिली. भाषा सोपी, रसाळ. त्यामुळे ती देशभर खपली. दिवसभर पुस्तके लिहायची, खर्च कमी ठेवायचा आणि उरलेला फ्रँक बाजूला टाकायचा, असा क्रम होता. या काळातच नियतीने त्यांना सर्वांत मोठा घाव घातला. कीटकांच्या शोधात सावलीसारखा बरोबर असणारा त्यांचा मुलगा झ्यूल १८७७ मध्ये, ऐन कुमारवयात गेला. फाब्र स्वतः पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने मरणाच्या दारातून परतले. ‘कीटकशास्त्रीय आठवणी’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८७९ मध्ये निघाला, तेव्हा आपण वर्णन केलेल्या काही नव्या गांधीलमाश्यांना त्यांनी झ्यूलचे नाव दिले. त्याच सुमारास घरमालकाने दारापुढच्या चिनारवृक्षांवर कुऱ्हाड चालवली. त्या झाडांच्या सावलीवर जीव जडलेल्या फाब्र यांनी भाड्याच्या घरांना कायमचा रामराम ठोकला आणि साठवलेल्या पैशांतून सेरिन्याँचा माळ घेतला.

माळाभोवती त्यांनी उंच भिंत घातली आणि आतली जमीन कीटकांच्या हवाली केली. घराच्या एका बाजूला अभ्यासाची खोली होती. तेथील लिहिण्याचे टेबल अक्रोडाच्या लाकडाचे आणि इतके लहान होते की त्यावर शाईची दौत आणि उघडी वही एवढेच मावे. तेच टेबल त्यांनी वर्षानुवर्षे वापरले; हलके असल्याने ते उचलून खिडकीपाशी, उजेडात नेता येई, हा त्यांच्या लेखी त्याचा मोठा गुण होता. प्रयोगांची साधनेही अशीच घरगुती. अन्नावर झाकायच्या जाळ्या, फुलझाडांच्या कुंड्या, काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे, वाळूने भरलेल्या परड्या. गावातली पोरे चार पैशांच्या आशेने किडे आणून देत. डोक्याला काळी रुंद काठाची टोपी, ओठात चिलीम, अशा वेशात हा म्हातारा भर उन्हात तासन्‌तास एका बिळापाशी बसून राहतो, याचे गावाला आधी नवल वाटे आणि मग सवय झाली.

या काटकसरीतून फाब्र यांनी विकत घेतला तो वेळ. शेणाचे गोळे लोटत नेणाऱ्या पवित्र भुंगेऱ्याचे उदाहरण घेतले म्हणजे त्या वेळेची किंमत कळते. प्राचीन इजिप्तने पूजलेला हा किडा अंडे कोठे आणि कसे घालतो, हा प्रश्न फाब्र यांना तरुणपणापासून छळत होता. लोटत नेलेल्या गोळ्यात अंडे असते, ही जुनी समजूत त्यांनी खोटी ठरवली होती. खरे उत्तर मात्र सापडत नव्हते. सेरिन्याँला आल्यावर एका धनगर पोराच्या मदतीने त्यांना जमिनीखाली दडवलेला, पेअरच्या फळासारखा घडवलेला शेणाचा गोळा मिळाला. त्याच्या निमुळत्या मानेत अंडे होते. हे उत्तर १८९७ मध्ये, मालेच्या पाचव्या खंडात छापून आले. दोन सुट्यांच्या मधल्या रविवारी असे प्रश्न सुटत नाहीत. त्यांना दशके द्यावी लागतात.

असाच जानेवारी १८९६ मधला प्रयोग. पाइनच्या झाडांवरचे सुरवंट एकामागे एक अशी रांग धरून चालतात. फाब्र यांनी एका मोठ्या कुंडीच्या काठावर त्यांची रांग जुळवून तिचे वर्तुळ पूर्ण केले. पुढारी कोणी उरलाच नाही. थंडीत, उपाशी, जवळच अन्न असताना सुरवंट सात दिवस त्याच काठावर फिरत राहिले. मोठ्या मोरपतंगाची मादी कोशातून बाहेर आली त्या रात्री दूरवरून चाळीसएक नर अंधारात खिडक्यांतून घरात शिरले. ते कशाच्या ओढीने येतात याचा पाठपुरावा करताना फाब्र मादीच्या गंधापर्यंत पोहोचले. विंचू, कोळी, प्रार्थना कीटक, काजवे यांची अशी चरित्रे त्यांनी दहा खंडांत लिहिली. दहावा खंड १९०७ मध्ये निघाला. सवड मिळेल तेव्हा त्यांनी भोवतालच्या बुरशी आणि अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रेही काढली.

त्यांचे सारेच निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकले, असे नाही. झाडावर कर्कश गाणारे सिकाडा बहिरे असावेत, असे त्यांनी गावातल्या सणाच्या तोफा झाडाखाली उडवून ठरवले होते. सिकाडांना ऐकू येते, हे पुढे सिद्ध झाले. शिकारी गांधीलमाशीचा डंख त्यांना वाटला तितका अचूक आणि ठरलेला नसतो, हेही नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. तरीही डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि माश्या घराची वाट कशी शोधतात याविषयी डार्विन यांनी सुचवलेले प्रयोग त्यांनी मनापासून करून पाहिले. एकांताने त्यांना स्वतंत्र बुद्धी दिली, तशीच विद्वानांच्या चर्चेपासून तोडले, असे म्हणावे लागेल.

या जीवनाचा भार एकट्या फाब्र यांच्यावर पडला नव्हता, हेही विसरता कामा नये. कार्पांत्राच्या दिवसांपासून ओढग्रस्तीचा संसार सांभाळणाऱ्या पत्नी मारी १८८५ मध्ये गेल्या. १८८७ मध्ये त्यांनी आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान असलेल्या झोझेफीन यांच्याशी विवाह केला आणि साठी उलटल्यावर आणखी तीन मुलांचे पितृत्व स्वीकारले. मुली पिंजऱ्यांची देखरेख करत, रात्री जागून नोंदी ठेवत. धाकटा पॉल पुढे कीटकांची छायाचित्रे काढू लागला. घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला या काटकसरीचा हिस्सा आला होता.

आणि म्हातारपणी हिशेब चुकला. फाब्र यांची सारी भिस्त पाठ्यपुस्तकांच्या उत्पन्नावर होती. शाळांचे अभ्यासक्रम बदलले, नवी पुस्तके आली आणि त्यांची पुस्तके मागे पडत गेली. ज्या ग्रंथमालेसाठी हा सारा खटाटोप केला, ती विद्वानांना फार ललित वाटे आणि सामान्य वाचकांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. पंच्याऐंशीच्या घरात आल्यावर, जिवापाड जपलेली अळंब्यांची चित्रे विकावीत की काय, या विचारापर्यंत ते येऊन ठेपले. प्रोव्हान्सचे कवी आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी फ्रेदेरिक मिस्त्राल यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. डॉक्टर लग्रो या चाहत्याने पुढाकार घेऊन ३ एप्रिल १९१० रोजी सेरिन्याँत त्यांचा गौरव समारंभ घडवून आणला. सरकारने वार्षिक वेतन मंजूर केले, नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवले गेले. वृत्तपत्रांनी त्यांच्या हलाखीची वर्णने छापली तेव्हा अनोळखी लोकांनी पैसे पाठवले; ते त्यांनी परत धाडल्याचे सांगितले जाते. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वांकारे स्वतः त्या माळावर येऊन त्यांना भेटले. तोवर झोझेफीनही निवर्तल्या होत्या आणि फाब्र यांचे पाय त्यांना बागेपर्यंतही नेईनासे झाले होते. सन्मान आला तो असा, उपभोगाची वेळ टळल्यावर.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, फाब्र यांचे त्याच घरी निधन झाले. १९२२ मध्ये फ्रेंच सरकारने आर्मास विकत घेतले आणि पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाच्या हाती सोपवले. व्यापारी हिशेबाने पाहिले तर फाब्र यांचे गणित दोनदा फसले, एकदा मंजिष्ठेत आणि एकदा पाठ्यपुस्तकांत. गाठीला बांधलेल्या पैशाचा भरवसा किती धरावा, हे त्यांच्या उतारवयाइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. तरीही १८७९ मध्ये ते अधिक पैसा साठेपर्यंत थांबले असते, तर भुंगेऱ्याच्या गोळ्याचे आणि सुरवंटांच्या रांगेचे कोडे त्यांच्या हातून सुटले नसते आणि दहापैकी नऊ खंड लिहिलेच गेले नसते. काटेरी झुडपांनी भरलेल्या त्या अडीच एकरांची किंमत ठरवायची, तर या नऊ खंडांवरून ठरवावी लागेल.